दिराले तू, इनीले तुम्ही

हे कोणी मानणार नाही. सांगणारा मीच आहे आणि मीच अर्धं मानत नाही, तिथं तुमचं काय घेऊन बसलात. पण भंडाऱ्याजवळ शहापूरच्या हायवेवर, जिथं ट्रकवाले टायरात हवा भरायला थांबतात, तिथून डाव्या हाताच्या तिसऱ्या घरात एका सातवी नापास माणसानं एका पोरीला जर्मन शिकवलं आणि ती पोरगी आज जर्मनीत नोकरी करते. तो माणूस मी, पुंडलिकराव. सातवीत मी मराठीतच नापास झालो होतो, हेही सांगून टाकतो. मागाहून कळण्यापेक्षा बरं.

परवा एकोडीचे केशवराव मोटरसायकल घेऊन आले. मागे त्यांची नात, रीना. ती भंडाऱ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ओसरीत खाटेवर दोघं बसले. पाणी प्यायले. केशवरावांनी आधी धानाची चौकशी केली, मग पावसाची, आणि मग मुद्द्यावर आले.

"तुमी म्हणे जर्मन शिकवता जी."

अशा वेळी माणसानं 'नाही' म्हणावं. शब्द लहान आहे, पचायला हलका आहे. पण माझ्या जिभेला लहानपणापासून त्याची सवय नाही.

"शिकवत होतो," मी म्हटलं. "आता वय झालं."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला माझी बायको शकुनबाई तांदूळ निवडत बसली होती. सुपातली कणी एका बाजूला, तांदूळ एका बाजूला. सूप क्षणभर थांबलं. मग पुन्हा सर्र सर्र सुरू झालं.

"मंदाबाईच्या खुशबूले तुमीच पाठवलं म्हणतात," केशवराव म्हणाले. "आमच्या रीनालेही जाचं आहे. तिकडं म्हाताऱ्यांची सेवा कराले माणसं पायजेत म्हणे. पण भाषा आली पायजे."

"येईल," मी म्हटलं. "आधी मी कसा शिकलो ते ऐका."

केशवरावांना मी जे सांगितलं ते असं: वरठीला कारखान्याच्या मशिनी आल्या, त्यांच्यासोबत जर्मन साहेब आला, त्या साहेबाचा मी तीन वर्षं उजवा हात होतो, तो मला 'हेर पुंडलिक', म्हणजे पुंडलिकसाहेब, म्हणायचा आणि माझ्या हातच्या चहाशिवाय नट कसत नसे.

आता तुम्हाला खरं सांगतो. तीन वर्षं नाही, तीन आठवडे. उजवा हात नाही, हमाल. वरठी स्टेशनावर मशिनींचे लाकडी खोके उतरायचे, ते उतरवणाऱ्या अकरा जणांत मी होतो. साहेब होता, पाण्यात भिजवलेल्या विटेसारखा लाल. तीन आठवड्यांत तो एकूण तीन शब्द बोलला. एक 'या'. म्हणजे हो. पण मी पडलो मराठी माणूस. तो क्रेनवाल्याला 'या, या' म्हणायचा आणि प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून त्याच्यापुढं जाऊन उभा राहायचो, की साहेबानं मानानं बोलावलं. मग तो दुसरा शब्द बोलायचा, 'नाइन'. तो मला न शिकताच कळला, कारण आमच्या घरीही 'नाई न' असंच म्हणतात. तिसरा शब्द आमच्या हातून खोका घसरला की यायचा, 'लांगझाम'. म्हणजे हळू. एवढं माझं शिक्षण.

उरलेलं जर्मन मी फळ्यांवरून घेतलं. रिकाम्या खोक्यांच्या फळ्या ज्यानं त्यानं नेल्या, मी चार फळ्या सायकलला बांधून आणल्या आणि मागच्या अंगणातल्या संडासाला त्यांचं दार केलं. त्यावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ते अजूनही आहे. एका फळीवर 'ओबेन' आणि बाण. ओबेन म्हणजे वरची बाजू. सुतारानं फळी उलटी ठोकली, त्यामुळे आमच्या घरी वरची बाजू जमिनीकडे आहे. दुसऱ्या फळीवर मोठी ओळ होती. ती मी माझ्या इंग्रजीच्या जोरावर 'वोर नासे शुटझेन' अशी वाचली आणि गावाला अर्थ सांगितला: वरून पाणी पडलं की लाकूड नासते. पुढे खुशबूनं मोबाइलमध्ये पाहिलं तर खरा अर्थ निघाला, 'ओलीपासून जपा'. सत्याच्या इतक्या जवळ मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो.

तर त्या दारामुळे गावात माझं नाव झालं. लहान पोरं दारासमोर उभी राहून विचारायची, "आबाजी, हे काय लिहिलं?" आणि मी दर वेळी काहीतरी सांगायचो. त्या पोरांत खुशबू होती. घोळ तिथून सुरू झाला.

मंदाबाईचं घर आमच्या मागे, राइस मिलच्या भिंतीला टेकून. खुशबू तिची एकुलती एक. नर्स झाली, नागपूरला दवाखान्यात लागली, आणि तिथंच मोबाइलवर पुण्याच्या एका मॅडमजवळ जर्मन शिकू लागली. वर्ष-दीड वर्षानं लिहायची परीक्षा पास झाली. मग जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमानं तिला कळवलं की व्हिडिओवर मुलाखत घेऊ. एकच मुलाखत, तीन आठवड्यांनी. खुशबू सुटी घेऊन घरी आली.

मंदाबाई काही आडकाठी करणारी बाई नाही. पण तिनं एक गोष्ट ठरवून टाकली होती.

"झालं तं जा," ती पोरीला म्हणाली. "नाई झालं तं दिवाळीनंतर साक्षगंध. लाखांदूरवाले किती दिवस थांबतील?"

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. लाखांदूरवाल्यांचा पोरगा चांगला होता, फक्त त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सून घरीच राहील, ड्युटी-बिटी चालणार नाही. म्हणजे मुलाखत गेली की जर्मनी तर गेलीच, नागपूरचा दवाखानाही गेला. खुशबूचं सगळं त्या अर्ध्या तासावर येऊन बसलं.

मिलच्या आवाजात तिला घरी अभ्यास होईना. म्हणून एक दिवस वही घेऊन ती आमच्या ओसरीत आली.

"आबाजी, लिहिता येते मले, बोलता नाई येत. बोलाले कोणी पायजे. गावात जर्मन जाणणारे तुमीच."

केशवराव इथं खाटेवर पुढं सरकले. "मंग?"

"मग काय, म्हटलं बस."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सांगता आलं असतं, की पोरी, मी खोके वाचले आहेत, माणसं नाही. पण तिच्या डोळ्यांत ती दारासमोर उभी राहणारी सात वर्षांची पोर होती. आणि मला वाटलं, तीन आठवडे काय, तीन आठवडे तर मी वरठीतही काढले होते.

पहिल्याच दिवशी ती समोर बसली आणि म्हणाली, "गूटन टाग. वी गेट एस ईनन?"

म्हणजे नमस्कार, तुम्ही कसे आहात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला त्यातलं काहीच कळलं नाही. मी डोळे मिटले, विचार केल्यासारखं केलं आणि भारदस्त आवाजात म्हणालो, "ओबेन."

ती थांबली. "वर?"

"वरच्याच्या कृपेनं," मी म्हटलं.

ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, घरात कोणकोण आहे. मी म्हटलं, "लांगझाम." तिसरा प्रश्न विचारला, मी म्हटलं, "नाइन." चौथ्या प्रश्नाला माझ्याजवळचं जर्मन संपलं आणि मला खोकला लागला.

खुशबूनं वही मिटली. मला वाटलं, गेली. पण पोरगी नर्स. समोरच्या माणसाला नेमकं काय झालं आहे हे तिला बरोबर कळतं, आणि ती ते तोंडावर सांगत नाही.

"आबाजी," ती म्हणाली, "मास्तर तं मले एक आहे. मले पेशंट पायजे. तुमी खाटेवर झोपा, मी तुमाले विचारतो, तुमी सांगा काय दुखते."

अशा रीतीनं मी पहिल्याच दिवशी मास्तरचा पेशंट झालो.

केशवरावांना मी हे जरा वेगळं सांगितलं. म्हटलं, मीच तिला म्हणालो की पुस्तकी शिक्षण सोड, मला पेशंट समज, ही माझी पद्धत आहे. रीनानं पर्समधून एक छोटी वही काढली आणि 'पेशंट' असं लिहून घेतलं. माझ्या मागे सूप थांबलं. मी तिकडं पाहिलं नाही.

मग रोज दुपारी मी खाटेवर पडायचो आणि खुशबू माझी चौकशी करायची. मला काय काय झालं त्या तीन आठवड्यांत. डोकं दुखलं, छाती दुखली, दोनदा पडलो, एकदा तर मला लकवा मारला आणि मी त्या धक्क्यात खरोखर झोपी गेलो. शकुनबाई समोर तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला दुसरीकडं बसायला जागा नव्हती असं नाही, पण म्हणायची, इथं उजेड चांगला आहे.

पण खुशबूची एक अडचण होती, आणि ती थंडीची होती.

पुण्याच्या मॅडमनं तिला मोबाइलवर विचारलं, थंडी वाजते हे कसं सांगशील. खुशबू म्हणाली, "इश बिन काल्ट." मॅडम हसली. इश म्हणजे मी, बिन म्हणजे आहे, काल्ट म्हणजे थंड. मॅडम म्हणाली, असं म्हटलं तर तिकडचा डॉक्टर तुझी नाडी पाहील. खुशबू त्या दिवशी मोबाइल पालथा ठेवून बसली. दहा वेळा पाठ केलं तरी तोंडात तेच यायचं.

"मंग मी तिले म्हटलं," मी केशवरावांना सांगितलं, "अवं पोरी, मी थंडा आहो असं जित्तं माणूस म्हणते का? मले थंडी वाजून राहिली असं म्हणते. थंडा तं माणूस मेल्यावर होते."

"बरोबर आहे," केशवराव म्हणाले.

"तशी ती उठून बसली. म्हणाली, मीर म्हणजे मले. मीर इस्ट काल्ट. मले थंड आहे. म्हणजे आपल्यासारखंच."

काय झालं होतं, पोरगी मराठीतून आधी इंग्रजीत जायची आणि तिथून जर्मनमध्ये. इंग्रजीत माणूस स्वतःच थंड असतो, स्वतःच गरम असतो. जर्मनीत आणि भंडारा जिल्ह्यात थंडी बाहेरून येते आणि माणसाला लागते. त्या दिवसापासून खुशबूनं इंग्रजीला मधून उठवलं. मीर म्हणजे मले. मले बरं नाई वाटून राहिलं. मले चक्कर येते. सगळ्याला मीर. टोंगळा, म्हणजे गुडघा, दुखतो म्हणायचं तर 'मीर टूट दास क्नी वे'. टूट आणि वे मिळून दुखणं, आणि क्नी म्हणजे टोंगळा. कणी. सुपातली कणी. टूटली की कणी होते, तांदळाची असो की टोंगळ्याची. आता सांगा, असा शब्द कोणी विसरेल का?

"हे कणीचं तुमाले कसं सुचलं?" केशवरावांनी विचारलं. "तांदूळ तं तुमी कधी निवडले नसतील."

"निरीक्षण," मी म्हटलं.

सूप थांबलं. या वेळी जरा जास्त वेळ.

मी घाईनं पुढं निघालो, कारण खरी गोष्ट पुढंच आहे. जर्मन माणसाला 'तुले' वेगळं आणि 'तुमाले' वेगळं. तुले म्हणजे दीर. तुमाले म्हणजे ईनन. लहान, जवळचा, घरचा असला की दीर. मोठा, परका, मानाचा असला की ईनन. खुशबूला हे वहीत येत होतं, तोंडात येत नव्हतं. का, तर आपल्यात आईला तू म्हणतात, आजीला तू म्हणतात. गावातली कोणतीही म्हातारी दिसली की तिच्या तोंडून तू निघायचं. आणि तिकडच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या बायाच जास्त. पुण्याच्या मॅडमनं बजावून सांगितलं होतं, अनोळखी म्हातारीला तू केलंस तर ती औषध तर घेणार नाहीच, वर तक्रार करील.

मुलाखतीला आठ दिवस राहिले तरी हे बसेना. 'वी गेट एस दीर' म्हणायची, जीभ चावायची, पुन्हा तेच. मंदाबाई येऊन दारात उभी राहायची, काही विचारायची नाही, आणि निघून जायची. लाखांदूरवाल्यांचा फोन आठवड्यातून दोनदा येऊ लागला होता.

"तवा मी तिले सांगितलं," मी केशवरावांना म्हटलं, आणि इथं मी आवाज खाली आणला, कारण गोष्टीचा जीव इथं आहे. "म्हटलं, खुशबू, सोपं आहे. दीर कोणाले म्हणतात? नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्याच्याशी थट्टा चालते, त्याले तू म्हणता येते. अरे ये, अरे जेव. आन ईन कोण? लेकीची सासू. ईन घरी आली का पाटावर बसवा लागते, तुमी म्हणा लागते, चहात साखर कमी पडली तं जन्मभर ऐका लागते. पेशंट दिसला का सोताले विचार, हा दीर आहे का ईन आहे. दिराले तू, इनीले तुम्ही. वी गेट एस दीर, वी गेट एस ईनन."

केशवराव मांडीवर हात मारून हसले. "काय डोकं आहे जी तुमचं."

"जर्मन ही मूळची झाडीबोलीच आहे," मी म्हटलं. एकदा माणूस हसला की मला आवरत नाही. "आपल्या इकडचेच लोक गेले असतील तिकडं धान घेऊन. तिकडं धान झाला नाही, भाषा तेवढी झाली."

रीना हसली नाही. तिनं वहीत लिहिलं, 'दीर – तू, ईन – तुम्ही', आणि त्या ओळीकडं पाहत राहिली. कपाळावर बारीक आठी. मला वाटलं, पोरगी पाठ करून राहिली.

मुलाखतीचा दिवस आला. तिकडं सकाळ, इकडं दुपार. खुशबूनं नागपूरचा पांढरा ड्रेस घातला. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. मंदाबाई पायरीवर पदर तोंडाशी धरून बसली. आमच्या ओसरीत मोटारींच्या आवाजाशिवाय काही नाही.

मोबाइलवर एक मॅडम आल्या. पांढरे केस, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी नाव-गाव विचारलं, शिक्षण विचारलं. खुशबूनं सांगितलं. अडखळत का होईना, गाडी चालली होती. मग मॅडम जे बोलल्या ते ऐकून खुशबूचा चेहरा उतरला. त्या म्हणत होत्या, पाठ केलेलं सगळेच बोलतात. मला दाखव. समज, समोर एक वयस्क पेशंट आहे, गोळी घ्यायला तयार नाही. घरात कोणी मोठं माणूस आहे का? असेल तर त्याला बसव आणि बोल.

खुशबूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. म्हणाली, आहे. मॅडम खूश झाल्या. मान हलवून म्हणाल्या, "या, या."

"आता या म्हणजे हो," मी केशवरावांना समजावलं. "पण आपल्याले एवढं मानानं या, या म्हटल्यावर बसून राहता येते का?"

"मंग तुमी गेले?"

"गेलो. सरळ खाटेवर जाऊन झोपलो."

"तुमाले भेव नाई वाटलं?"

"भेव कायले? माझं तं हे रोजचं होतं."

सूप पूर्ण थांबलं. हायवेवरून दोन ट्रक गेले तरी सुरू झालं नाही. पण मी आता अशा जागी होतो जिथून माणसाला मागं फिरता येत नाही.

पुढचं मी जसं सांगितलं तसंच लिहितो, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक सोडून.

पेशंट खाटेवर पडला. खुशबू बाजूला येऊन बसली. घाबरलेली होती. पेशंटचा हात हातात घेतला आणि प्रेमानं म्हणाली, "वी गेट एस दी..."

पायरीवर मंदाबाईनं डोळे मिटले. तिला जर्मन येत नव्हतं, पण आपली पोर अडली हे आईला कोणत्याही भाषेत कळतं. मोबाइलमधल्या मॅडमनं चष्मा लावला.

तेव्हा पेशंटनं काय करावं? काही बोलता तर येत नव्हतं, मॅडम ऐकत होत्या. पेशंटनं नाक वर केलं. भुवया ताणल्या. पहिल्यांदा घरी आलेल्या इनीला कपबशीऐवजी पेल्यात चहा दिला तर ती जसं पाहील, तसं पेशंटनं खुशबूकडं पाहिलं.

खुशबूच्या पाठीचा कणा सरळ झाला. हात सोडला. पुन्हा नीट बसली.

"वी गेट एस ईनन?"

"मीर इस्ट काल्ट," पेशंट म्हणाला. मले थंडी वाजते.

खुशबूनं चादर पांघरली. आणखी काय होते, तिनं विचारलं.

"मीर टूट दास क्नी वे."

तिनं टोंगळ्याखाली उशी ठेवली. मग गोळी काढली. ती पेपरमिंटची होती, पण आव असा की जशी सरकारी दवाखान्यातली. पेशंट म्हणाला, "नाइन." खुशबू म्हणाली, पाण्यासोबत घ्या. "नाइन." थोडी पेज पिऊन घ्या, मग घ्या. "नाइन." आता पोरगी अडेल असं वाटलं. पण ती अडली नाही. तिनं गोळी बाजूला ठेवली, पेशंटच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, घाई नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा. मी इथंच बसते. 'लांगझाम', ती म्हणाली. तो माझा वरठीचा शब्द. माझ्याकडून तिनं जर काही घेतलं असेल तर तेवढंच.

पेशंटनं थोडा वेळ भाव खाल्ला. मग तोंड उघडलं.

मॅडम हसल्या. हसता हसता चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, आज सकाळपासून चार मुली झाल्या, चौघींनी म्हाताऱ्या माणसाला 'दीर' केलं आणि गोळीचं महत्त्व समजावून सांगितलं. तू मान दिलास आणि वाट पाहिलीस. आमच्याकडं हेच काम आहे. कागद पाठवते.

खुशबूनं ते मराठीत सांगितलं तेव्हा मंदाबाई पायरीवरून उठली, आत गेली, आणि लाखांदूरला फोन लावला. फार बोलली नाही. म्हणाली, "पोरगी बाहेर जाऊन राहिली जी, दुसरीकडं पाहा." मग चुलीपुढं बसून रडली. खुशबू तिच्याजवळ जाऊन बसली.

आता खुशबू तिकडं आहे. रविवारी फोन करते. फोन उचलला की आधी म्हणते, आजीले द्या. अर्धा तास आजीशी बोलून झालं की विचारते, आबाजी कसे आहेत. मोठ्या मास्तरला मान नेहमी शेवटीच मिळतो.

माझं सांगून झालं. केशवरावांनी समाधानानं लांब श्वास सोडला आणि नातीकडं पाहिलं.

"आयकलं न? अशा माणसाजवळ शिकाचं राहते. पुंडलिकराव, क्लास कधीपासून लावता?"

"सोमवारपासून," मी म्हटलं. मनात हिशेब केला, सोमवारपर्यंत चार दिवस आहेत, चार दिवसांत काहीतरी सुचेल.

रीनानं वही उघडली. त्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"आबाजी, एक विचारू?"

"विचार ना बेटा."

"खुशबूताई तुमाले काय म्हणते? तू का तुमी?"

"तुमीच म्हणते. संस्कारी पोरगी आहे."

"हाव ना. आबाजीले कोणी तू म्हणत नाई, आजीले म्हणते. मंग खाटेवर तुमी होते तं तिच्या तोंडात दीर कायले आलं?" तिनं पान उलटलं. "आन दुसरं, दीर तं बाईले राहते. माणसाले साळा राहते, साळी राहते, दीर कुठून राहीन? तुमाले दीर आठवलाच कसा?"

मी ओसरीच्या आढ्याकडं पाहू लागलो. आढ्यावर 'ओबेन' लिहिलेलं नव्हतं, तरी मला ती बाजू पहिल्यांदाच फार बरी वाटली.

रीना खाटेवरून उठली. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, सुपासमोर जाऊन बसली. पदर नव्हता तर ओढणी डोक्यावर घेतली, इनीपुढं घेतात तशी, आणि हळूच म्हणाली, "वी गेट एस ईनन?"

शकुनबाईनं वर पाहिलं नाही. सुपातला एक खडा उचलला, अंगणात फेकला आणि तांदूळ सारखे करत म्हणाली, "मीर गेट एस गूट, माय. मी बरी आहो. पण त्या दिवशी या, या म्हणताच संडासात जाऊन कडी कोणं लावून घेतली, ते तुह्या मास्तरले विचार. मुलाखत झाल्यावर अर्धा तास तं दार वाजवून राहिलो होतो आमी."